अहवालातली म्हातारी

मला मराठी येतं, या गैरसमजावर मी चंद्रपूर जिल्ह्यात नोकरी सुरू केली.

माझं गाव कऱ्हाडकडचं. बायकोला वीज केंद्रात नोकरी लागली, ऊर्जानगरला क्वार्टर मिळालं आणि तिच्या सामानाबरोबर मीही येऊन पडलो. कॉलनीत डावीकडे बिहारी, उजवीकडे तेलुगू, वरच्या मजल्यावर जळगावचे. सगळे मिळून जी हिंदी बोलायचे ती कोणाच्याच घरची नव्हती. जिल्ह्याची खरी भाषा कंपनीच्या बसच्या खिडकीतून कानावर पडेल तेवढीच. पण त्याची मला चिंता नव्हती. समाजकार्याची पदवी होती, अक्षर सुवाच्य होतं, आणि शाळेत असताना निबंधाला दोनदा बक्षीस मिळालं होतं. मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या ऑफिसात मी रुजू झालो तेव्हा या निबंधाच्या बक्षिसांनी पुढं काय घोटाळा होणार आहे, याची ना मला कल्पना होती, ना त्यांना.

आधी काम काय ते सांगतो. काही मुलांना स्वतःच्या घरी राहता येत नाही. आई-बाप वारलेले असतात, नाहीतर आजारी, तुरुंगात, किंवा कुठं आहेत कोणालाच ठाऊक नाही. अशा मुलाला बालगृहात ठेवायचं हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या कुटुंबानं त्याला काही काळ आपल्या घरी वाढवायचं. हे दत्तक नव्हे. मूल त्यांचं होत नाही, पण घर मुलाचं होतं. कागदोपत्री याला प्रतिपालकत्व म्हणतात. चौदा वर्षांत हा शब्द मी एकाही पालकाच्या तोंडून ऐकला नाही. लोक म्हणायचे, "पोसाले घेतली."

माझ्याकडं या कुटुंबांचं 'पर्यवेक्षण व सहाय्य' होतं. पर्यवेक्षण म्हणजे दर थोड्या दिवसांनी घरी जायचं, मूल खातंय का, शाळेत जातंय का, हसतंय का, ते बघायचं आणि लिहून आणायचं. सहाय्य म्हणजे काही बिघडत असेल तर हात लावायचा. शाळेचा दाखला, आधार कार्ड, दवाखाना, किंवा नुसतं बसून ऐकणं. पहिल्या वर्षी माझं सगळं लक्ष लिहिण्यावर होतं. ऐकण्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

भेट न कळवता द्यायची, असाही दंडक होता. कळवून गेलं की घराचं प्रदर्शन होतं. त्यानुसार मी एकदा जिल्ह्याच्या पार टोकाला एका कुटुंबाकडं थडकलो, तर घराला कुलूप. आठवडी बाजार होता, सगळं घर बाजारात. शंभर किलोमीटर रिकाम्या हातानं परत कसं जायचं, म्हणून मी बाजारात त्यांना शोधून काढलं आणि सुक्या मासळीच्या ढिगामागं बसून चार पानी गृहभेट उरकली. घराबाबतच्या रकान्यात लिहिलं : 'हवेशीर.' वास तर खराच येत होता.

तर असा मी, आणि अशी माझी गृहभेट. आता सिंधूबाईंची गोष्ट.

सिंधूबाई आणि मारोतराव सावली गावाच्या पुढं, वैनगंगेच्या अंगाला धानाची शेती करायचे. नावं बदलली आहेत. एकुलती मुलगी लग्न होऊन गेली आणि सिंधूबाईंना घरात आवाज नको इतका कमी झाला. तेव्हा त्यांनी रंजूला आणलं. रंजू नऊ वर्षांची. (तिला विचारलं, "तुझं नाव बदलू ना?" तर म्हणाली, "बदला, पन चांगलं ठेवा.") आई वारलेली. वडील दूर कुठं कामाला गेले ते परतले नव्हते. तिची छाती सतत वाजायची. जंगलाकडच्या गावातली पोर, तिच्या घरची जमात वेगळी, देव वेगळे. सिंधूबाईंनी आल्या आल्या विचारलं होतं, "तुमचे देव कुठी मांडू, सांग." रंजू म्हणाली, "आमचे मांडत नाईत. झाडापासी असतेत." मग मारोतराव तिला बांधावरच्या मोहापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "हे झाड चालन का, पाहून घे."

हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. पहिल्या भेटीत मला कळलं ते असं :

"मुलीच्या आहारात काय काय असतं?"

"सारंच खाते जी," सिंधूबाई म्हणाल्या. "पन सांबार लागते तिले. सांबाराबिगर वरनाले हात नाई लावत."

मी लिहिलं : 'आहारात दाक्षिणात्य पदार्थांचा समावेश आहे.' विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हा शोध मला तीन महिन्यांनी भाजी बाजारात लागला.

"दूध देता?"

"देतो ना. सकारी गंजात तापवतो, थंडं झालं का देतो."

"गंजात?"

"हो, गंजातच."

मी पेन खाली ठेवलं आणि गंजलेल्या भांड्यांचे लहान मुलांच्या शरीरावर होणारे परिणाम या विषयावर दहा मिनिटं बोललो. सिंधूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मारोतराव हळूच उठून गोठ्यात गेले. पुढच्या खेपेला मी स्वतः स्टीलचं कोरं पातेलं घेऊन गेलो. सिंधूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"गंज कायले आनला साहेब? होता ना आमच्याकडं."

आमच्या जीपचा ड्रायव्हर वासुदेव मूल तालुक्यातला. हसू आवरेना की तो जाऊन टायरला लाथ मारून बघायचा. माझ्या काळात त्या जीपचं टायर जिल्ह्यातलं सगळ्यात जास्त तपासलेलं टायर असावं. त्या दिवशी त्यानं चारही तपासले, मग स्टेपनी. परतीच्या वाटेवर मला समजलं की इकडं गंज म्हणजेच पातेलं. गंज किती वाईट, हे मी दहा मिनिटं सांगितलं आणि पुढच्या महिन्यात बाईंना गंजच भेट दिला.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का रे?"

"तुमी इचारलं काऊन नाई?" वासुदेव म्हणाला.

याचं उत्तर मिळवायला आणखी एक प्रकरण घडावं लागलं.

त्याच भेटीत निघता निघता सिंधूबाई जीपपर्यंत आल्या. पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "साहेब, एक इचारू का? थे रंजू मले काईच म्हनत नाई."

"बोलत नाही?"

"बोलते. लई बोलते. पन हाक नाई मारत. माय नाई, काकू नाई, बाई नाई. काम असलं का समोर येऊन उभी राह्यते."

"आणि मारोतरावांना?"

"त्याईलेबी काई नाई. पन त्याईले काई वाटत नाई. बैलबी त्याईले हाक नाई मारत." मग थोडं थांबून, "मले वाटते."

मी प्रशिक्षणात पाठ केलेलं सांगितलं. वेळ द्या, आग्रह करू नका, नातं आतून यावं लागतं. त्या वर्षात मी दिलेला हा एकमेव बरोबर सल्ला. बाईंनी तो इतका मनावर घेतला की पुढं आठ महिने याविषयी चकार शब्द काढला नाही. आणि 'मूल पालकांना काय हाक मारते' असा रकाना फॉर्ममध्ये नसल्यामुळे मीही कुठं नोंद केली नाही.

मग रोवणीचे दिवस आले. धानाची रोपं उपटून चिखलात लावतात ती रोवणी. त्या दिवसांत गावात फक्त म्हातारी माणसं, पोरं आणि माझ्यासारखे लोक असतात. मी न कळवता गेलो. घरात कोणी नाही. ओट्यावर टेकलो. बांबूच्या तट्टीपलीकडं रंजू आणि शेजारची पिंकी काहीतरी खेळत होत्या. रंजूचा आवाज आला :

"माही बुढी त भल्ली खडूस हाये. पान्याचं भाईर जाऊच देत नाई."

"माही बी," पिंकी म्हणाली.

मी ताडकन सरळ बसलो. मुलाचं खरं बोलणं असं आडोशानंच कळतं, असं आम्हाला शिकवलं होतं. बुढी म्हणजे म्हातारी. सिंधूबाई पंचेचाळिशीच्या, केस काळेभोर. म्हणजे हा सरळ सरळ अनादर. आणि 'पान्याचं बाहेर जाऊ देत नाही' म्हणजे पाण्यासाठी बाहेर जाऊ देत नाही. विहिरीवर जाऊ देत नाही. मुलगी कुठल्या जमातीची, पालक कुठल्या जातीचे, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मी पिशवीतून वही काढली.

पिंकीच्या 'माही बी'चं काय करायचं, हा प्रश्न मला पडला नाही. पिंकी सख्ख्या आईजवळ राहत होती. पण पिंकी माझ्या यादीत नव्हती.

आता कोणीही शहाणा माणूस उठून सिंधूबाईंना विचारायला गेला असता. त्या समोरच्या बांधीत, धानाच्या खाचरात, दिसतही होत्या, पोटरीपर्यंत चिखलात. मी बांधापर्यंत गेलोही. पण माझे बूट नवे होते. बाईंनी लांबून हात केला, मी लांबून हात केला, आणि परत येऊन अहवाल लिहिला.

लिहिताना निबंधाची बक्षिसं जागी झाली. सरकारी अहवालात 'बुढी' कसं लिहायचं? मी लिहिलं : 'बालिका पालक-मातेचा उल्लेख म्हातारी असा अनादराने करते. सदर पालक-माता बालिकेस पाणवठ्यावर जाऊ देत नाही, असे बालिकेच्या बोलण्यातून निष्पन्न होते.' 'निष्पन्न होते' लिहिल्यावर मी दोनदा वाचून पाहिलं. मला ते फार आवडलं.

मूल कुठं राहील हे ठरवणारी एक समिती असते. माझा अहवाल तिच्यापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. तिच्या अध्यक्ष मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि पाणवठ्याचं वाक्य वाचून त्यांनी जे करायला हवं तेच केलं. पुढच्या आठवड्यात सुनावणी लावली. आरोप खरा निघाला तर मुलीला त्याच दिवशी तिथून हलवायचं, म्हणून तिला सामानासह आणायला सांगितलं. मारोतरावांना फोन करायचं काम अर्थातच माझं.

"सामान म्हंजे कोनतं जी?"

"तिचे कपडे, दप्तर, जे असेल ते."

पलीकडं मारोतरावांनी ते सिंधूबाईंना सांगितलं. मग, "सारं आनू का?"

"सारं आणा," मी म्हणालो, फोन ठेवला आणि चहा मागवला. तो चहा मी शेवटपर्यंत प्यालो, हे मला अजून आठवतं.

सुनावणीच्या दिवशी तिघं बाहेरच्या बाकावर बसली होती. सिंधूबाई लग्नकार्याच्या लुगड्यात. रोवणी अर्धी टाकून आल्या होत्या, नखांत चिखल तसाच. मारोतरावांच्या पायाशी पिशवी. रंजू मधे. मला पाहून कोणी नमस्कार केला नाही, पण सरकून जागा दिली. बसताना माझा पाय पिशवीला लागला आणि आतून टण्ण आवाज आला.

"हे काय?"

"गंज हाये," सिंधूबाई म्हणाल्या. "तुमी आनला थो. दूध थ्याच्यातलंच पेते थे. तिकडं कोनाले माहीत राह्यन?"

मी पिशवी नीट उभी केली. बाहेर पाऊस सुरू झाला. अंगणात कोणाची तरी दोन पोरं नाचायला लागली. रंजू बाकावरून घसरली आणि दाराकडं निघाली. सिंधूबाईंनी मान न वळवता म्हटलं :

"रंजे, पान्याचं भाईर नोको जाऊ. छाती भरन."

रंजू तोंड वाकडं करून परत आली.

माझे कान तापले. "काय म्हणालात तुम्ही आत्ता?"

"कोठी काय म्हनलं? पानी येऊन राह्यला नाई का भाईर."

"पानी येऊन राहिला?"

मारोतराव या सगळ्यात पहिल्यांदा माझ्याकडं वळले. परगावच्या माणसाला रस्ता सांगावा तसं सांगितलं, "आमच्याइकडं पाऊस नाई म्हनत साहेब. पानीच म्हनतेत."

मी उठून वासुदेवाकडं गेलो. तो दारात उभा होता. "आणि विहिरीवर जाऊ देत नाही, हे कसं म्हणतात रे?"

"पान्याले जाऊ देत नाई," तो म्हणाला. "पान्याले म्हंजे हिरीवर. पान्याचं म्हंजे पावसात." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यानं विचारलं, "काऊन? काय लिवलं तुमी?"

मी सांगितलं. त्या दिवशी वासुदेवानं टायर तपासलं नाही.

एवढ्यात आतून पुकारा झाला. माझा सही केलेला अहवाल आत टेबलावर होता, 'निष्पन्न होते' सकट. आत जाईपर्यंतच्या आठ-दहा पावलांत मी अनेक वाक्यं जुळवली. ऐनवेळी एकही आठवलं नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "पाणवठ्याचं वाक्य मुलीचं नाही. माझं आहे."

आणि मग सगळं सांगितलं. तट्टी, पानी, पाऊस. नवे बूटही सांगितले, कारण मॅडमनी विचारलं, "पण पालक-मातेला का नाही विचारलंत?"

मॅडमनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती त्यांनी पस्तीस वर्षं वर्गात वापरलेली असणार. मग त्यांनी सिंधूबाईंना विचारलं, "हिरीवरून पानी पेऊ देता ना पोरीले?"

सिंधूबाईंना प्रश्नच समजला नाही. समजल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी जमिनीकडं बघायला लागलो. "घरच्या मडक्यात हात घालून पेते थे," त्या म्हणाल्या. "गिलासानं घे म्हनतो, आईकत नाई. पाहिजे त लिवून घ्या."

"बरं." मॅडमनी पान उलटलं. "आणि हे म्हातारीचं काय?"

एका चुकीनं माणूस जरा बावरतो, पण उरलेल्या अब्रूला घट्ट धरून राहतो. "ते मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय," मी म्हणालो.

"बेटा," मॅडम रंजूकडं वळल्या, "तू हिले म्हातारी म्हनली का?"

"नाई."

"साहेबाईनं लिवलं हाये."

रंजूनं माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. "मी नाई म्हनली. पिंकीले इचारा."

"अगं, पिंकीलाच तर सांगत होतीस," मी म्हणालो. "तट्टीमागं. मी शब्द न शब्द सांगतो. 'माही बुढी त भल्ली खडूस हाये.'"

मॅडमनी चष्मा काढला. रंजू मारोतरावांच्या पाठीमागं गेली आणि त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. सिंधूबाई हळूच म्हणाल्या, "काय म्हने?"

"साहेब, बुढी म्हणजे काय?" मॅडमनी मला विचारलं.

"म्हातारी."

"बसा खाली." मी बसलो. "आमच्याकडं पोरं आपसात बोलताना आईला बुढी म्हणतात आणि बापाला बुढा. समोर नाही म्हणत, मागं म्हणतात. माझा मुलगा बँकेत मॅनेजर आहे, त्याच्या मित्रांत मी अजून बुढीच आहे. आणि स्वतःच्या आईशिवाय दुसऱ्या कोणाला हे म्हणत नाहीत."

मी पिंकीच्या 'माही बी'पाशी पोचलो. तब्बल एक महिना उशिरा.

सिंधूबाईंनी मात्र मॅडमकडं पाहिलंच नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. "साहेब, कई म्हने थे?"

"अं?"

"कोन्या दिवसी?"

मी अहवालावरची तारीख बघून सांगितलं, "मागच्या महिन्यात. तुम्ही बांधीत होता. मला हात केला होता बघा."

"अन् तुमी मले सांगलं नाई," सिंधूबाई म्हणाल्या.

त्यांना इतक्या लांबून, रोवणी टाकून, पोरीचं सामान बांधून यायला लावलं, त्याबद्दल त्या मला एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता मात्र खरोखर रागावल्या. "महिना झाला. हिनं म्हनलं, तुमी आईकलं, अन् हात करून चालले गेले. आठ महिने मी कान लावून बसली होती ना जी."

मारोतरावांच्या पाठीमागून एक डोळा बाहेर आला आणि परत आत गेला.

"थे लिवलं हाये का त्याच्यात?" सिंधूबाईंनी कागदाकडं बोट केलं.

"नाही," मी म्हणालो. "मी म्हातारी लिहिलंय."

"मंग बुढी लिवा."

मॅडमनी स्वतःचं पेन माझ्यापुढं सरकवलं. मी 'म्हातारी' खोडलं, वर 'बुढी' लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही केली. सिंधूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी चिखलाचं नख त्या शब्दाखाली टेकवून वाचलं, "बु-ढी." मग मान हलवली. "अदुरं हाये."

"काय राहिलं?"

"थे 'माही' म्हनली ना? 'माही बुढी'. माही लिवा."

मी 'माही' लिहिलं. पुन्हा सही केली. मॅडमनी खाली शेरा मारला की मूल याच घरी राहील. मग मला उद्देशून आणखी एक ओळ लिहिली : मुलांचं बोलणं यापुढं जसंच्या तसं नोंदवावं, शुद्ध करू नये. त्यांनी सिंधूबाईंना विचारलं, "खरंच खडूस आहात का हो?"

"हावोच," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या तिथं पहिल्यांदा हसल्या. "आता त आनखी होईन."

बाहेर पाऊस चालूच होता. जीपपर्यंत जायचं तर अंगण ओलांडावं लागणार होतं. रंजूनं पिशवीतून गंज काढला, डोक्यावर उपडा घातला आणि सिंधूबाईंकडं पाहिलं. बाईंनी दुसरीकडं बघितलं. तेवढं पुरे होतं. पोर गंज घालून अंगणभर दोन चकरा मारून जीपमध्ये चढली, मारोतराव मागून पिशवी सांभाळत पळाले. वासुदेवानं भर पावसात चारही टायरांना एकेक लाथ मारली.

त्यानंतर मी बूट काढून बांधीत उतरायला शिकलो. आधीचे सगळे अहवाल काढून वासुदेवाला वाचून दाखवले. त्यानं बरेच शब्द दुरुस्त केले, काही ठिकाणी आम्ही परत जाऊन आलो. एका घरी उशीर झाला होता. मूल तिथून दुसरीकडं गेलं होतं, आणि तो निर्णय माझ्या कागदाच्या आधारानंच झाला होता. त्याबद्दल मला अजून काही विनोद सुचत नाही.

सहाय्याचा भागही तेव्हाच सुरू झाला म्हणायचा. सावलीला मूल वाढवणाऱ्या बाया वर्षातून दोन-तीनदा एकत्र जमायला लागल्या. पहिल्या बैठकीत मी मुलांच्या मानसिकतेवर तयारीनं बोललो, तीन बाया झोपल्या. दुसऱ्या बैठकीत सिंधूबाईंनी फक्त विचारलं, "तुमच्या लेकराईनं तुमाले कई पयली हाक मारली, सांगा." संध्याकाळची शेवटची बस आली तरी कोणी उठेना. पुढं दहा वर्षं मी त्या बैठकीत चहा द्यायचं काम केलं. ते मला नीट जमायचं.

मी निवृत्त झालो त्या महिन्यात काही कागद द्यायला गडचिरोलीला निघालो होतो. ऑफिसची जीप आता माझी नव्हती, म्हणून एसटी. बस खच्चून भरलेली. मी दारातल्या दांड्याला लोंबकळत होतो, आणि मागून घंटीच्या दोरीला हात घालत, मशीनमधून तिकिटं फाडत, लोकांना आत ढकलत कंडक्टर येत होती. खाकी कपडे, दोन वेण्या वर बांधलेल्या, आवाज असा की पुढच्या ड्रायव्हरला आरशात बघायची गरज नाही.

"रंजू?"

"साहेब," ती म्हणाली. जणू आम्ही कालच भेटलो होतो. "उभे काऊन राह्यले? बुढीनं पाह्यलं त मलेच बोलन." आणि खिडकीशी पाय पसरून बसलेल्या एका तरुणाच्या खांद्यावर तिकिटाचं मशीन टेकवून म्हणाली, "ऊठ गा भाऊ. बुढ्याले बसू दे."

बुढ्याच्या आधी ती एक शब्द बोलली होती. गिअर पडला, मागं कोणाची तरी कोंबडी ओरडली, आणि मला तो शब्द नीट ऐकू आला नाही. 'या बुढ्याले' म्हणाली, की 'माह्या बुढ्याले'? ती तोवर तीन सीट पुढं गेली होती. उतरताना विचारता आलं असतं. नाही विचारलं. इतक्या वर्षांत मी मुद्दाम न केलेली ही एकच चौकशी.

हा अहवाल मात्र माझा आहे, आणि यात मी 'माह्या' लिहितो. खाडाखोड नाही, म्हणून सही करत नाही.